मागचं चाक एका बाजूला सरकलंय

प्रश्न : सायकलचं मागचं चाक फिरवलं की डुगडुगत नाही, सरळ फिरतं, पण रिम फ्रेमच्या डाव्या बाजूला चिकटल्यासारखी दिसते. घरी नीट होईल का?

उत्तर : होईल की! पण आधी दोष चाकाचाच आहे ना ते बघा. एक्सल (चाकाच्या मधला दांडा) दोन्हीकडे फ्रेमच्या खाचेत पूर्ण बसलाय ना? मग चाक काढून, चेन बाजूला ठेवून, उलटं म्हणजे गिअरची बाजू डावीकडे करून बसवा. रिम आता उजवीकडे गेली तर चाकच सेंटरला नाही, आणि तरीही डावीकडेच राहिली तर फ्रेम वाकलीय, मग स्पोकना हात लावू नका.

चाकच असेल तर टायर-ट्यूब उतरवा, स्पोकचा पाना घ्या आणि व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करा म्हणजे कुठून निघालो ते विसरत नाही. रिम उजवीकडे आणायचीय, म्हणून डाव्या बाजूचा प्रत्येक निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकावरची छोटी नट) अर्धा फेरा सैल, मग उजव्या बाजूचा प्रत्येक अर्धा फेरा घट्ट. उजवीकडचे स्पोक गिअरमुळे जास्त उभे असतात आणि मुळातच जास्त ताणलेले, म्हणून आधी डावे सोडायचे, नाहीतर निपलचे कोपरे घासून गोल होतात आणि मग पाना पकडतच नाही. टायरच्या बाजूने बघितलं तर निपल घड्याळाच्या दिशेने घट्ट होतो, हे नक्की लक्षात ठेवा कारण घोळ इथेच होतो. निपल गंजलेला असेल तर आधी थेंबभर तेल सोडा.

एक राउंड झाला की परत उलटं-सुलटं बसवून बघा. दोन्ही वेळा रिम एकाच जागी आली की झालं.