जनुक बिघडलंय की नुसतं बंद पडलंय?

डीएनएची दुरुस्ती करणारं जनुक बिघडलंय की नुसतं बंद पडलंय, अशा शंका वेगवेगळ्या घरांतून येत आहेत, म्हणून चार पत्रांना एकत्र उत्तर देते.

बीआरसीएची तपासणी फक्त बायकांनीच करायची ना? (डोंबिवली)

नाही. बीआरसीए ही डीएनए दुरुस्त करणारी जनुकं; त्यांतल्या दोषाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हा दोष वडिलांकडूनही मुलामुलींत उतरतो. आई किंवा वडिलांत तो असेल तर प्रत्येक अपत्याला शक्यता ५० टक्के.

आईच्या आतड्याच्या गाठीत ‘एमएलएच१ प्रथिन आढळले नाही’. वय ७१. नातेवाईक म्हणतात, आता आम्हा भावंडांनाही कॅन्सर होणार. (मुलुंड)

नातेवाइकांचं ऐकू नका. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका सुधारायला एमएलएच१ लागतं. ते गाठीत न दिसण्याची मुख्य कारणं दोन. जनुकातच जन्मजात दोष असेल तर तो लिंच सिंड्रोम, कॅन्सरचा धोका वाढवणारा आणि घराण्यात उतरणारा. किंवा जनुक धडधाकट असतं, पण त्याच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या भागावर, मेथिल गट (छोट्या रासायनिक खुणा) चिकटल्याने ते बंद पडलेलं असतं. यालाच मेथिलेशन म्हणतात. हे बहुधा गाठीपुरतंच, उतारवयात जास्त दिसणारं आणि सहसा वारशाने न जाणारं.

हे कुणी समजावत नाही. घरी ‘जेनेटिक’ एवढाच शब्द पोचतो आणि भावंडं जाहिरात बघून थुंकीचे नमुने कूरियरने पाठवतात. याचा मला संताप येतो. आधी आईंच्या गाठीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) लॅबमधून मागून घ्या, त्यावर बीआरएएफ हे दुसरं जनुक आणि एमएलएच१चं मेथिलेशन तपासायला सांगा. बीआरएएफमध्ये व्ही६००ई बदल मिळाला तर लिंचची शक्यता फारच कमी. दोन्ही नसेल तर आईंची रक्ततपासणी, त्यात दोष मिळाला तर तुमची. रिपोर्ट काहीही येवो, जेनेटिक काउन्सेलरला दाखवा. ऑन्कोलॉजिस्टलाही तो लागेल. दुरुस्ती बंद पडलेल्या काही गाठींवर इम्युनोथेरपी चांगली लागू पडते.

केमो चालू असताना ‘डीएनए रिपेअर’ कॅप्सूल घेऊ का? (वसई)

नको. केमोची बरीच औषधं कॅन्सरपेशीचा डीएनए मोडूनच काम करतात. बाटली ऑन्कोलॉजिस्टला दाखवल्याशिवाय उघडू नका.

भावाला ग्लिओब्लास्टोमा (मेंदूचा कॅन्सर) आहे. ‘एमजीएमटी मेथिलेटेड’ म्हणजे वाईट? (गिरगाव)

उलट. टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाने कॅन्सरपेशीच्या डीएनएला केलेली इजा एमजीएमटी हे प्रथिन दुरुस्त करतं. मेथिलेशनमुळे त्याचं जनुक बंद असलं की औषधाला प्रतिसाद चांगला मिळण्याची शक्यता वाढते. खात्री मात्र नाही. ‘अजून एकाला विचारून’ रेडिएशनची तारीख पुढे ढकलू नका. दुसरं मत हवंच असेल तर स्लाइड आणि ब्लॉक घेऊन याच आठवड्यात परळला टाटा मेमोरियलमध्ये दाखवा.