वाचकांचे प्रश्न : लग्नाआधीचा एक मोकळा दिवस

प्रश्न : भाचीचं लग्न जुलैच्या सुरुवातीला, शनिवारी, इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स भागात मोरेटन-इन-मार्शजवळ आहे. आम्ही चौदा जण, त्यात तीन लहान मुलं आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. गुरुवार पूर्ण मोकळा आहे. पाच-सहा गावं बघून होतील का?

उत्तर : गाडीतून दिसतील, बघून होणार नाहीत. तीन ठिकाणं निवडा आणि ड्रायव्हरसकट सोळा आसनी मिनीबस आत्ताच ठरवा. मोरेटनहून स्टो या गावामार्गे बोर्टन-ऑन-द-वॉटरला ८०१ नंबरची बस जाते, पण आडबाजूच्या जागी तिचा उपयोग नाही. लग्नसराईत तिथे आयत्या वेळी टॅक्सी मिळणंही कठीण.

सकाळी चिपिंग कॅम्पडेन. १६२७ साली बांधलेला दगडी मार्केट हॉल भर रस्त्यावर उभा आहे. आतली फरशी शतकानुशतकांच्या वापरानं उंचसखल झालीय, तिथे सासूबाईंचा हात धरा. जेवण मात्र साडेबाराला उरका. बऱ्याच पबची स्वयंपाकघरं अडीचच्या सुमारास बंद होतात ती थेट संध्याकाळी सहाला उघडतात. चौदा पानांचं टेबल आधी सांगून ठेवा, शाकाहारी किती तेही कळवा.

दुपारी सेझिनकोट. आपल्याकडच्या पाहुण्यांनी हे चुकवूच नये. ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केलेल्या चार्ल्स कॉकरेल यांच्यासाठी त्यांच्या वास्तुविशारद भावानं १८०५च्या सुमारास हे मुघल धाटणीचं घर बांधलं. वर तांब्याचा घुमट, बागेत सूर्याचं छोटं मंदिर आणि ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर चक्क नंदी! हे बघूनच पुढे ब्रायटनच्या राजवाड्याला भारतीय रूप देण्याची कल्पना सुचली. बाग आठवड्यातले मोजकेच दिवस, तेही दुपारीच उघडते, म्हणून वेळ वेबसाइटवर तपासून निघा. खाली ओढ्याकडे उतार आहे. सासूबाईंनी पुलापर्यंतच जावं, नंदी तिथूनच जवळून दिसतात.

चारच्या सुमारास बोर्टन-ऑन-द-वॉटर. मुलांना आधी मॉडेल व्हिलेज दाखवा, कारण ते संध्याकाळी लवकर बंद होतं. अख्ख्या गावाची ही दगडी प्रतिकृती मूळच्या एक-नवमांश आकाराची, १९३७ पासूनची. तिच्या आत तिचीही प्रतिकृती आहे. पुढे विंडरश नदी जेमतेम घोटाभर, मुलं खुशाल पाय बुडवतील. दुपारी इथे पाय ठेवायला जागा नसते, पण पाचनंतर सहलीच्या बसगाड्या निघून जातात आणि जुलैत सव्वानऊपर्यंत उजेड असतो. ज्यांना चालवेल त्यांनी लोअर स्लॉटर या शेजारच्या गावापर्यंत दीड मैल सपाट पायवाटेनं जावं, मिनीबस तिकडे बोलवावी.

प्रश्न : पायवाट खासगी शेतातून जाते म्हणतात. चालेल का?

उत्तर : पिवळा बाण असेल तर ती सार्वजनिक पायवाट, मालकाची परवानगी लागत नाही. निळ्या बाणाच्या वाटेवर घोडे आणि सायकलीही येतात. फाटक जसं असेल तसंच ठेवा, नाहीतर मेंढ्या बाहेर पडतात. वाटेकडेच्या खाजकुयलीसारख्या नेटलच्या पानांनी आग होते, मुलांना पूर्ण पँट घाला.