कवितेचा प्रश्न कोरा सोडणारा मुलगा

"गणितात पैकीच्या पैकी, सायन्स मस्त, पण इंग्लिशच्या पेपरात कवितेचे प्रश्न कोरे आणि डायरी एंट्री दोन ओळींची. याचं इंग्लिश कच्चं आहे की अजून काही?" आठवीतल्या मुलाच्या आईचा प्रश्न. असे पालक सारखे येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

आईंना बाहेर बसवलं आणि त्याला म्हटलं कविता काढ, किनाऱ्यावर पडलेल्या जुन्या होडीची होती. राइम स्कीम, म्हणजे यमक कसं जुळतं ते विचारलं तर पटकन ए बी ए बी, सिमिलीवर, म्हणजे उपमेवर बोट ठेवलं, म्हणजे कच्चं वगैरे काही नाही. मग विचारलं वाचून काय वाटलं, तर गप्प. मराठीत सांग की म्हटल्यावर बोलला, "आजोबा रिटायर झाल्यावर नुसते बसून असायचे ना, तसं. पण हे थोडंच लिहायचं असतं मॅडम, गाइडमध्ये वेगळं असतं."

अरे, हेच तर लिहायचं असतं!

मग आम्ही एक पद्धत ठरवली. कविता दोनदा मोठ्याने वाचायची, जिथे थबकायला होतं त्या शब्दाला पेन्सिलची खूण, वाटलं ते आधी मराठीत, आणि मग असं का वाटलं याला कवितेतलाच शब्द दाखवायचा. शब्द सापडला नाही तर तो अर्थ सोडून द्यायचा, कारण कवितेतून काहीही अर्थ काढला तरी चालतो हे मला अजिबात पटत नाही. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टची 1915 सालची दोन वाटांची कविता घ्या, सगळे सांगतात कवीने कमी वापराची वाट धरली, पण दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच झिजल्या होत्या असं त्याच कवितेत लिहिलंय, तिथे कुणी थांबतच नाही.

डायरीचं दुखणं वेगळंच निघालं. एकदा त्याने होमवर्कमध्ये मित्राशी झालेलं भांडण खरं खरं लिहिलं, वही परत आली ती टेन्सच्या चुकांना लाल गोल करून, आणि घरी आईंनी ते वाचून थेट मित्राच्या आईला फोन लावला. त्यानंतर दर वेळी "डिअर डायरी, आज मी खूप आनंदी आहे", विषय संपला.

म्हटलं वह्या दोन कर. शाळेच्या वहीत तारीख, फर्स्ट पर्सन, पास्ट टेन्स सगळं नीट, पण मनातलं तुझं नको, त्या होडीचं लिही. तिथेच बसून त्याने पहिलं वाक्य लिहिलं, "आज पण कोणी दोर सोडला नाही", आणि मग स्वतःच त्याचं इंग्लिश केलं, एक स्पेलिंग चुकलं, मी सोडून दिलं. दुसरी वही फक्त त्याची, कुठल्याही भाषेत, लाल पेन बंद. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 च्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना सलग 4 दिवस रोज 15 मिनिटं मनातलं त्रासदायक लिहायला लावलं होतं, लिहून झाल्या झाल्या मुलांना उलट जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यामुळे लिहून उठल्यावर मूड गेला तर घाबरू नकोस, हे त्याला आधीच सांगून ठेवलं.

आईंना फोनबद्दल बोलले तेव्हा त्या जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मी चांगल्यासाठीच केलं हो."

तीन आठवड्यांनी आला तर कवितेच्या उत्तरात आजोबा होते, पाचपैकी साडेतीन मार्क. दुसरी वही दप्तरातच राहिली, मीही मागितली नाही. निघताना आई दारात हळूच, "मॅडम, काय लिहितो तेवढं तरी सांगा ना."

मलाच कुठे माहितीये!