प्रत्येक संबंध फल का नसतो?

प्रश्न : य = क्ष² हे फल (function) आहे, पण क्ष = य² मध्ये य हे क्षचे फल नाही, असे वर्गात सांगितले. हा भेद कशामुळे?

उत्तर : क्रमित जोड्यांचा, म्हणजे (क्ष, य) अशा ठरावीक क्रमाने लिहिलेल्या जोड्यांचा, कोणताही संच संबंध असतो, मात्र प्रांतातील (म्हणजे क्षच्या घेतलेल्या किमतींच्या संचातील) प्रत्येक घटकाला एक आणि एकच जोडीदार मिळाला, तरच त्याला फल म्हणतात. पहिल्या समीकरणात क्ष २ असो वा −२, य ४ च येतो, आणि दोन घटकांचा जोडीदार समान असण्याला मुळीच हरकत नाही (विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात). दुसऱ्यात क्ष = ४ घेतल्यास य २ आणि −२ असा दुहेरी येतो, म्हणून आलेखावर तेथून काढलेली उभी रेषा वक्राला दोन बिंदूंत छेदते. य ≥ ० अशी अट घातली, तर शून्य व धन क्षसाठी तोच संबंध फल ठरतो.