वाचक विचारतात : अहवाल ठीक, पण आपल्या नळाचं काय?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत १९५२ साली बांधलेलं घर घेतलं आहे. काउंटीच्या पाणीपुरवठ्याचा वार्षिक अहवाल आला. त्यात शिसं ६ पीपीबी (म्हणजे पाण्याच्या एक अब्ज भागांत ६ भाग) आणि 'ॲक्शन लेव्हल' १५ आहे. म्हणजे निर्धास्त राहायचं ना?

उत्तर : नाही. हा ६ तुमच्या घराचा आकडा नाही. ठरावीक घरांतले नमुने तपासून काढलेला तो नव्वदावा शतमक आहे. म्हणजे दर दहांपैकी नऊ नमुने ६ किंवा त्याखाली होते, दहाव्यात कितीही असू शकतं. शिवाय १५ ही आरोग्याची सीमा नव्हे, तो आकडा ओलांडला की पुरवठादाराला उपाय सुरू करावे लागतात. शिशाचं आरोग्य-उद्दिष्ट शून्यच आहे.

शिसं बहुधा शुद्धीकरण केंद्रातून येत नाही, ते घराकडे येणाऱ्या जोडनळीतून, डाखातून (नळ्या जोडण्याच्या सोल्डरमधून) आणि जुन्या तोट्यांमधून उतरतं. शिशाच्या नळ्या आणि डाखावर १९८६ मध्ये बंदी आली, तुमचं घर त्याआधीचं. मीटरजवळ नळी जिथे घरात शिरते तिथे नाण्याने हलकेच खरवडून पाहा. आत चकचकीत रुपेरी, मऊ आणि चुंबक चिकटत नसेल तर शिसं. चुंबक चिकटला तर लोखंड किंवा पोलाद. तांबं रंगावरूनच कळतं.

नमुना घेण्याआधी घरातलं पाणी किमान ६ तास अजिबात वापरू नका. मग स्वयंपाकघरातल्या थंड पाण्याच्या नळाची जाळी न काढता पहिलाच लिटर भरा. रात्री कुणी फ्लश केलं तरी साचलेलं पाणी हलतं आणि आकडा फसवा कमी येऊ शकतो. जोडनळी शिशाची असेल तर पाचवा लिटरही वेगळ्या बाटलीत घ्या, कारण पहिल्या लिटरात मुख्यतः घरातल्या नळांचंच पाणी येतं. फिल्टर घेताना त्यावर 'एनएसएफ ५३' किंवा '५८' हा प्रमाणन मानकाचा क्रमांक आणि त्यासोबत शिसं कमी करण्याचा स्पष्ट उल्लेख बघा. फक्त '४२' असेल तर तो चव आणि वासापुरता! उकळून शिसं जात नाही.

प्रश्न : आमची खासगी विहीर आहे, अहवाल येतच नाही.

उत्तर : येणारही नाही. १९७४ चा पेयजल कायदा किमान १५ जोडण्या किंवा २५ माणसांना पाणी देणाऱ्या व्यवस्थांसाठी आहे. खासगी विहिरीची जबाबदारी मालकाची. वर्षातून एकदा कोलिफॉर्म जिवाणू आणि नायट्रेट तपासा. प्रमाणित प्रयोगशाळा कोणत्या, हे काउंटीचा आरोग्य विभाग सांगतो. जिवाणू तपासणीच्या नमुन्यासाठी मिळणाऱ्या बाटलीत पांढरी पूड असते, ती क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी आहे, म्हणून बाटली विसळू नका. नायट्रेटच्या आकड्याचं एकक नीट वाचा : 'नायट्रोजन म्हणून' मोजलं तर मर्यादा १० मिलिग्रॅम प्रतिलिटर, 'नायट्रेट म्हणून' मोजलं तर तीच साधारण ४५ होते. मर्यादेबाहेर असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधासाठी ते पाणी वापरू नका. उकळलं तर पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं.

प्रश्न : 'पाणी उकळून प्या' अशी सूचना आली तर किती वेळ उकळायचं?

उत्तर : खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट, ६,५०० फुटांपेक्षा जास्त उंचीवर राहत असाल तर ३ मिनिटं. फ्रिजच्या यंत्रातला बर्फही टाकून द्या.