दोन वेगवेगळ्या हॉटेल साखळ्यांचे रिवॉर्ड पॉइंट्स एका खात्यात आणता येतात का?

तुमच्याकडे हिल्टन ऑनर्सचे ४०,००० आणि मॅरियट बॉनवॉयचे ३५,००० पॉइंट्स आहेत. ते एका ठिकाणी जमा झाले तर एखादी चांगली खोली मिळेल, हा तुमचा हिशेब आहे. पण हिल्टनकडून मॅरियटकडे किंवा उलट, थेट काहीच पाठवता येत नाही. या दोन कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक, त्यामुळे तशी सोयच नाही. मॅरियटने स्टारवूड ही हॉटेल कंपनी विकत घेतली तेव्हा मात्र स्टारवूडच्या एका पॉइंटचे तीन मॅरियट पॉइंट्स होत, आणि ऑगस्ट २०१८मध्ये दोन्ही योजना एकच झाल्या. अशी अदलाबदल सहसा कंपन्या एकत्र आल्या तरच होते.

मग उरतो विमान कंपनीच्या माइल्सचा, म्हणजे तिकिटासाठी वापरायच्या तिच्या स्वतःच्या पॉइंट्सचा, आडमार्ग. दोन्ही साखळ्यांचे पॉइंट्स एकाच विमान कंपनीत नेता येतात, पण दर बघा. मॅरियट बहुतेक कंपन्यांसाठी ३ पॉइंट्सना १ माइल देते, हिल्टन बहुतेक ठिकाणी १० पॉइंट्सना १. म्हणजे मॅरियटच्या ३५,०००पैकी ३३,०००चे ११,००० माइल्स आणि हिल्टनच्या ४०,०००चे जेमतेम ४,०००. पंच्याहत्तर हजारांच्या आसपास पॉइंट्स देऊन हाती १५,००० माइल्स. मॅरियटचा भाग एखाद्या वेळी परवडेल, हिल्टनचा जवळजवळ कधीच नाही. शिवाय तेच माइल्स पुन्हा दुसऱ्या हॉटेलच्या योजनेत वळवायचे म्हटलं तर दुसऱ्यांदा कात्री लागते.

मॅरियटच्या बाबतीत एक गोष्ट बरेच जण हुकवतात. एकाच वेळी ६०,००० पॉइंट्स वळवले तर बहुतेक विमान कंपन्यांत ५,००० माइल्स वर मिळतात, म्हणजे २०,०००ऐवजी २५,०००. अमेरिकन, डेल्टा, एव्हियान्का आणि कोरियन एअर याला अपवाद. हेच ६०,००० तीस-तीस हजार करून दोनदा पाठवले तर वरचे ५,००० गेले. म्हणून घरात दोघांची मॅरियट खाती असतील तर पॉइंट्स आधी एका खात्यात आणा आणि मगच विमान कंपनीकडे पाठवा. एका सभासदाकडून दुसऱ्याकडे वर्षाला १,००,०००पर्यंत पॉइंट्स फुकट देता येतात. फक्त खातं अगदी नवं असेल तर काही दिवस थांबावं लागतं. हिल्टनमध्येही गट सुरू करणारा धरून ११ जणांना पॉइंट्स एकत्र करता येतात, आणि हयात या हॉटेल साखळीत दर ३० दिवसांतून एकदा. खरं तर ‘पॉइंट्स एकत्र करणं’ जिथे फायद्याचं ठरतं ते इथेच, एकाच योजनेतल्या दोन माणसांमध्ये.

माइल्समध्ये वळवायचं ठरवलंच, तर आधी दोन्ही खात्यांवरचं नाव तपासा. हॉटेलच्या खात्यावर मधलं नाव आहे आणि विमान कंपनीच्या खात्यावर फक्त आद्याक्षर, किंवा लग्नानंतर आडनाव एकाच ठिकाणी बदललंय, एवढ्यावरूनही विनंती अडकते. ते आधी दुरुस्त करून घ्या. मग विमान कंपनीच्या साइटवर हव्या त्या तारखेला माइल्सवर मिळणारी सीट खरोखर दिसतेय का ते पाहा. माइल्स जमा व्हायला कित्येकदा काही दिवस लागतात, तेवढ्यात सीट जाऊ शकते, आणि वळवलेले पॉइंट्स परत येत नाहीत. दरही बदलत असतात, म्हणून ‘पाठवा’ दाबायच्या आधी त्या पानावर किती माइल्स दाखवतायत ते वाचा.

आकड्यांनी फसू नका, कारण सगळ्या पॉइंट्सची किंमत सारखी नसते. अकॉर या हॉटेल साखळीचे २,००० पॉइंट्स म्हणजे बिलात ४० युरोंची सूट, पण हिल्टनचे २,००० त्याच्या जवळपासही जात नाहीत.

तुमच्या जागी मी हिल्टनचे पॉइंट्स हलवणारच नाही. हिल्टनमध्ये थोडे पॉइंट्स आणि बाकीचे पैसे असं मिश्र बुकिंग करता येतं, किमान ५,००० पॉइंट्स लागतात. मॅरियटमध्येही रोख आणि पॉइंट्स असा पर्याय काही हॉटेलांत असतो. त्याच खोलीचा निव्वळ रोख दर शेजारी मांडून बघा, कधीकधी मिश्र दर महाग पडतो.

‘तुमचे पॉइंट्स आम्ही विकत घेतो, बदलून देतो’ म्हणणाऱ्या दलालांच्या वाटेला जाऊ नका. पॉइंट्सची खरेदी-विक्री नियमांत बसत नाही, पकडलं गेलं तर पॉइंट्स जप्त होतात आणि खातंही बंद होऊ शकतं.

पॉइंट्स बुडायची भीती म्हणून घाई करत असाल तर मुदती अशा: हिल्टन, मॅरियट आणि हयातमध्ये २४ महिने काहीच हालचाल नसेल तर पॉइंट्स जातात, आयएचजी या साखळीच्या साध्या सभासदांचे १२ महिन्यांत. मात्र मॅरियटमध्ये दुसऱ्या सभासदाला पॉइंट्स देणं किंवा त्याच्याकडून घेणं ही हालचाल धरली जात नाही. मुदत वाढवायची तर थोडे पॉइंट्स मिळवा, खुद्द हॉटेल कंपनीकडून विकत घ्या किंवा खर्च करा.