वर्गणी रद्द करण्याची वाट

प्रश्न : मी एका कंपनीत मोबाइल ॲपच्या पडद्यांची रचना करते. आमची सेवा मासिक वर्गणीवर चालते. ‘रद्द करा’ हे बटण सेटिंगमध्ये खोलवर न्यावे, वाटेत सवलतींचे पडदे घालावेत आणि ‘मला माझे फायदे नकोत’ हे वाक्य दाबल्याशिवाय ग्राहकाला बाहेर पडता येऊ नये, असे मला सांगण्यात आले आहे. वरिष्ठ म्हणतात, दुकानदारही माल मोक्याच्या जागी मांडतोच. मला हे पटत नाही, पण उत्तर सुचत नाही. सीमा कुठे आखावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या वरिष्ठांचे एक म्हणणे खरे आहे. कोणते बटण ठळक असावे, कोणत्या चौकटीत आधीच खूण असावी, हे कोणीतरी ठरवतेच, आणि घाईत असलेला माणूस समोर येईल तो पर्याय स्वीकारतो. त्यामुळे प्रभाव टाळता येत नाही. तो कोणाच्या हिताचा आहे, हे मात्र तपासता येते. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्यापूर्वी समोरच्याचे नाव दिसते, हाही रचनेचाच प्रभाव आहे, आणि तो चूक टाळण्यासाठी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप वळती होणाऱ्या वर्गणीची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी द्यावी लागते, तीही त्याला वेळेत नकार देता यावा म्हणून.

दुकानाचा दाखला इथे लागू पडत नाही, कारण माल कसाही मांडलेला असला तरी रिकाम्या हाताने निघालेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार दार शोधायला लावत नाही. वर्गणी घेताना किती पडदे लागतात आणि सोडताना किती, हे शेजारी शेजारी मांडून दाखवा. एखादी सवलत जरूर सुचवावी. त्याच पडद्यावर, तितक्याच ठळक अक्षरांत ‘रद्द करा’ असेल, तर त्यात मला गैर वाटत नाही.

कायद्याची बाजूही आपल्याकडे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या पडद्यांच्या रचनेविषयी, मार्गदर्शक तत्त्वे जारी करून १३ प्रकार नमूद केले. रद्द करण्याची प्रक्रिया लपवणे किंवा किचकट करणे आणि नकार देणाऱ्याला शरमिंदे करणारी भाषा वापरणे, हे दोन्ही त्यांत आहेत. अमेरिकेत प्राइम सदस्यत्व रद्द करणे मुद्दाम अवघड केल्याच्या आरोपासह दाखल झालेल्या खटल्यात ॲमेझॉनने सप्टेंबर २०२५ मध्ये, आरोप मान्य न करता, अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते आकड्यांचे वाचन. नव्या रचनेनंतर वर्गणी रद्द करणारे कमी झाले, तर बैठकीत ते यश म्हणून मांडले जाईल. पण जो समाधानाने थांबला आणि जो वाट न सापडल्याने थकून थांबला, ते दोघे त्या आकड्यात सारखेच दिसतात. म्हणून रद्द करण्याच्या वाटेवरून परतलेल्यांपैकी किती जणांनी पुढच्या महिन्यात ॲप उघडले, ही माहिती मागा. ज्यांनी ते एकदाही उघडले नाही, त्यांच्याकडून येणारा पैसा सेवेचा मोबदला नव्हे. आणि हे थकणारे कोण असतात, याचाही विचार व्हावा : दृष्टी अधू झालेले, बोटे थरथरणारे, आणि जाहिरात मराठीत पाहून वर्गणी भरलेले, पण सोडताना इंग्रजी सूचनांपाशी अडलेले. ही माणसे तक्रारही क्वचितच करतात, म्हणून रचना करणाऱ्याने त्यांच्यासाठी बोलणे मी कामाचाच भाग समजतो.

आपली हरकत लेखी द्या आणि सोबत दोन पडद्यांचा, सरळ भाषेतला पर्यायी आराखडाही द्या, कारण नुसत्या नकारापेक्षा तयार पर्याय बैठकीत अधिक टिकतो. तरीही आग्रह राहिला, तर बाकीच्या कामात सहकार्य करा; ‘मला माझे फायदे नकोत’ हे बटण मात्र आपल्या हातून होऊ देऊ नका.